माळवदाचा काठ

वैशाख अर्ध्यावर आला की माणसाला आपल्या डोक्यावरचं छप्पर आठवतं. आमच्या सांगलीच्या गल्लीत सध्या तीन गच्च्यांवर माणसं चढलेली आहेत. आमच्याही स्लॅबची पश्चिमेची कड उकलली आहे. सिमेंटचे पोपडे खाली जास्वंदीच्या आळ्यात पडतात आणि आतली सळई गंजून फुगलेली दिसते. काल एक तरुण ठेकेदार आला होता. हातोडीनं कड ठोकत तो पुढं चालला आणि मान एका अंगाला कलती करून आवाज ऐकत मी त्याच्या मागून. एका जागी मी म्हटलं, "इथं पोकळ आहे." त्यानं फोडून पाहिलं, तर बोट जाईल एवढी फट. "काका, इंजिनियर होता का तुम्ही?" त्यानं विचारलं. मी जन्मभर इंग्रजीचा मास्तर होतो. पण कड कशी वाजते हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही. ते मी एका वैशाखात शिकलो, आणि तेही आधी चुकून.

आमचं गाव येरळेच्या काठाला, पलूसहून पायी दीड-दोन तासांवर. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात मोडायचं. सांगली म्हणजे संस्थान, जवळ असूनही परकी. गावात कौलाचं घर एखाददुसरं. बाकी सगळी माळवदं. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली तुळया, तुळयांवर फळ्या-काटक्या, त्यावर पाला, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर हातभर पांढरी माती. मधोमध उजेडाला एक गोल भोक, त्याला आम्ही सवणं म्हणायचो. घरं एकमेकांना इतकी चिकटून, की मांजर या टोकाच्या माळवदावर चढलं तर जमिनीला पाय न लावता गावाच्या त्या टोकाला उतरायचं.

उन्हाळ्यात अर्धं गाव वरच असायचं. एका माळवदावर शेवयांच्या काठ्या, दुसऱ्यावर लाल मिरच्यांचं अंथरूण, तिसऱ्यावर सांडगे आणि ते राखायला बसलेली एखादी म्हातारी. मिरच्यांच्या खाटानं चार घरं शिंकायची आणि ज्या घरच्या मिरच्या, त्याला शिव्या खायला लागायच्या. माती तापली की तिला भाजक्या शेंगांसारखा वास यायचा. दिवेलागणीला तिच्यावर पाणी शिंपडलं की तो वास बदलायचा, ओल्या माठाचा व्हायचा. आज डोळे मिटून मला हे दोन्ही वास वेगळे करता येतात. स्लॅबला कसलाच वास नसतो.

माळवद झिजतं ते काठाला. मधल्या मातीला कोण काय करणार? काठाला शिडी टेकते, काठावरनं बाया खाली हाका मारतात, काठानं कुत्री-मांजरं जातात, पश्चिमेचा पाऊस काठालाच आधी मारतो. आमच्या घराचा पश्चिमेचा कोपरा मात्र आणखी एका कारणानं गेला होता. मॅट्रिकपासून बी.ए.पर्यंतचा माझा सगळा सुट्टीतला अभ्यास त्या कोपऱ्यावर पाय खाली सोडून झाला. पाठांतर करताना टाचा भिंतीवर आपटायची मला सवय. चार-पाच वर्षांत तिथली माती खांडोळी होऊन गेली, खालच्या पातळ दगडी चिपा उघड्या पडल्या. आबा, म्हणजे माझे वडील, आल्यागेल्याला तो कोपरा दाखवायचे. "ही बघा आमच्या पोराची बीए. माळवद खाऊन झालीया."

मी गावातला पहिला बी.ए. घराण्यातला म्हणत नाही, गावातला. हे वाक्य आजही मी जरा ताठ बसूनच लिहितो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आबांना अंगठा उठवता यायचा, सही नाही. आई मी मॅट्रिकला असतानाच गेली. अशा घरातून निघून मी सांगलीला राहिलो, शिकलो आणि तिथंच एका शाळेत तात्पुरता लागलो. ज्या सुट्टीबद्दल सांगतोय ती त्या नोकरीतली पहिली सुट्टी. लढाई चालू होती. आमच्या गावचेच वीसएक गडी पलटणीत होते.

त्यांच्यात आमचे दाजीही. माझी धाकटी बहीण तानू, तिचे मालक. तिचं सासर रहिमतपूरचं. दाजींची पत्रं यायची, पण त्यातल्या ओळीच्या ओळी काळ्या शाईनं खोडलेल्या. तानूला वाचता येत नसे, मी वाचून दाखवायचो आणि ती प्रत्येक वेळी विचारायची, "त्या काळ्याखाली काय हाय?" त्या चैत्रात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना सरत होता. घरात दार लावता येईल अशी एकच खोली, ती नेमकी त्या पश्चिमेच्या कोपऱ्याखालची. मागच्या पावसाळ्यात त्या कोपऱ्यातून पाणी उतरून भिंतीला पोट आलं होतं. तानू पहिल्या रात्रीपासून खाट भिंतीपासून लांब, खोलीच्या मध्यावर ओढून घ्यायची, आणि सकाळी तिचे डोळे बघितले की कळायचं, ही झोपलेली नाही. भिंतीला भीत होती की काळ्या शाईला, देव जाणे. 

मृगाला पंचवीस-तीस दिवस होते. आबांनी एका सकाळी सरळ सांगितलं, "काठ झाला तर पोरगी हितं बाळंत हुईल. न्हाई झाला तर मृगाआदी तिला रहिमतपूरला सोडून यायचं. पैलं बाळंतपण म्हायाराला झालं न्हाई म्हणून लोक बोलत्याल, बोलू द्यात. त्या भिंतीखाली मी तिला निजवणार न्हाई."

आबा स्वतः वर चढू शकत नव्हते. विहिरीच्या थारोळ्यात, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडात, घसरून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. काठ मीच करायचा होता. आणि माझ्याकडं युक्ती होती. सांगलीच्या एका मित्राच्या घराचं बांधकाम नुकतंच झालं होतं; त्यांच्याकडं उरलेलं अर्धं पोतं सिमेंट मी मागून घेतलं. लढाईच्या दिवसांत सिमेंट म्हणजे औषधासारखं दुर्मीळ. मोटारीच्या टपावरून मी ते पोतं आणलं तेव्हा गावातली निम्मी माणसं हात लावून बघायला आली.

आमच्या शेजारी दस्तगीरचाचा राहायचे. घर चिकटून, भिंत एकच. साठी उलटलेला गवंडी. तरुणपणी साताऱ्याला चुन्याच्या घाण्यावर राबलेला माणूस. ते आपल्या माळवदावर बसून माझं काम बघत राहिले. मी दोरी बांधली, ओळंबा सोडला, पाणसळ लावली. जुना काठ कुठं वर, कुठं खाली, म्हाताऱ्याच्या दातासारखा. मी तो तासून सिमेंटचा सरळ, चार बोटं उंच काठ उभा केला. फूटपट्टी लावावी इतका सरळ.

"बीए," चाचा म्हणाले. त्यांनी मला तेव्हापासून याच नावानं हाक मारली. "लय उच्च क्येलास रं."

"पाणी बाहेर भिंतीवर जायला नको म्हणून."

"काठ म्हंजे बांध न्हवं, गड्या."

मनात म्हटलं, याला काय ठाऊक. खाली रस्त्यावरनं जाणारा कुणीतरी ओरडला, "आबा, तुमच्या बीएनं माळवदाला कालर लावली की!" मला ते कौतुकच वाटलं.

माळवद तपासायची आमच्याकडं एक रीत होती. मृगाच्या आधी वर घागरीनं पाणी ओतून बघायचं. एकानं वर ओतायचं, एकानं खाली भिंतीला हात लावून बसायचं. आणि पाणी ज्याचं माळवद त्यानं एकट्यानं आणायचं नाही. भिंती सामाईक, तेव्हा लागून असलेल्या प्रत्येक घरानं एकेक घागर द्यायची. वैशाखात विहीर तळाला गेलेली. एक घागर भरायची म्हणजे दोनदा रांगेत उभं राहणं. तरी कुणी मोडता घालत नसे. त्यामुळं मात्र व्हायचं असं, की ज्यांचं पाणी त्यांचे डोळेही तिथं हजर.

सिमेंट लावून दहाबारा दिवस झाले होते. दहा घागरी वर आल्या. मी एकेक ओतली. पाणी उतारानं कोपऱ्याकडं गेलं, माझ्या सरळ काठाला टेकलं आणि तिथंच उभं राहिलं. पन्हळ दोन हातांवर होती. तिच्याकडं ते वळलंच नाही. मी तिथला उतारच बुजवला होता. लहानसं तळं झालं, त्यात आकाश दिसायला लागलं. मग ते तळं हळूहळू उतरू लागलं. पन्हळीतून तर थेंब पडत नव्हता.

"दादा! थांब, थांब!" सवण्यातून तानूचा आवाज आला.

मी शिडीवरून उडी मारून आत गेलो. वीतभर रुंद ओल भिंतीवरून खाली येत होती. मातीचा गिलावा फुगला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यातला तव्याएवढा तुकडा सुटून खाली पडला. त्या दिवशी खाट भिंतीशी सरकवली होती, भिंतीला हात लावता यावा म्हणून. तुकडा उशीवर पडला. तानू क्षणभर आधीच उठली होती.

तिनं उशी झटकली. "म्या बसल्याली हुते तितंच," एवढंच म्हणाली.

वर आलो तर चाचा माझ्या काठापाशी वाकले होते. सिमेंट आणि मातीच्या मध्ये त्यांनी ज्वारीचं धाट घातलं. ते सरसर आत गेलं. "उनानं माती आकसती," ते म्हणाले. "तुजं शिमिट आकसत न्हाई. तुजा काठ जाग्यावर हाय, बीए. घर सराकलं."

लोक हसले. हसणारच. त्यांचं दहा घागरी पाणी होतं.

"फटीत सिमेंट भरतो," मी म्हटलं.

"भर की. म्होरल्या वर्सी पुन्यांदा भर."

अंगणात बाजेवर बसलेल्या आबांनी खालूनच विचारलं, "बाळू, गाडी सांगू का मग रहिमतपूरची?"

त्या प्रश्नात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ते खरंच विचारत होते. मी बी.ए. झालो म्हणजे काय झालो, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. त्या क्षणी एवढंच कळलं की पोटुशा पोरीला बैलगाडीनं आणि रेल्वेनं हिसके खात पाठवायचं, ते माझ्या चार बोटं उंचीपायी. "नका सांगू," मी म्हटलं. "आठ दिवस द्या."

काठ फोडायचं काम मी भर दुपारी काढलं, गाव जेवून पडलेलं असताना. कुणी बघू नये म्हणून. पण माळवदं एकमेकांना चिकटलेली हे मी विसरलो. इथं घण घातला की पाचव्या घरातली भांडी वाजायची. पहिल्याच घावाला सगळ्या सवण्यांतून शिव्या वर आल्या, आणि पाच मिनिटांत प्रत्येक माळवदावर डोळे चोळणारा एकेक प्रेक्षक. "आरं बीए, निजू दे की रं!" एक म्हातारी सांडग्यांवर हात धरून ओरडली, "माज्या सांडग्यात शिमिट घालतोस व्हय रं मुडद्या?" मी मान खाली घालून फोडत राहिलो. खरं सांगायचं तर, त्या दुपारी झालो तितका मोकळा मी त्या सुट्टीत कधी झालो नव्हतो. एकदा सगळ्या गावानं बघितलं की मग लपवायला काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा मला पांढरीवर घेऊन गेले. गावाच्या उत्तरेला जुन्या, उठून गेलेल्या वस्तीचं टेकाड आहे. त्याला पांढरी म्हणतात, आणि माळवदाची माती तिथलीच लागते. राखट, मऊ, जिभेला किंचित खारट. शेतातली काळी पाणी पिते. पांढरी भिजली की फुगून मिटते आणि खाली पाणी सोडत नाही. खणायच्या आधी चाचांनी चपला काढल्या, कुदळ आडवी ठेवली आणि जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. मलाही लावायला लावला. पहिल्याच खड्ड्यात काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला, मग खापरी, मग चुलीची जळकी माती.

"हितं कुणाची घरं हुती?" मी विचारलं.

"तुमची बी. आमची बी. पडून पडून माती झाली." त्यांनी तो बांगडीचा तुकडा पुन्हा खड्ड्यात टाकला. "ही एकदा घर हुन बसल्याली माती हाय, बीए. तिला शिकवावं लागत न्हाई."

चाचा काही तत्त्वज्ञान सांगत नव्हते. ते मातीचा गुण सांगत होते. मीच तेव्हापासून पुस्तकात 'परंपरा' हा शब्द वाचला की त्याजागी ती राखट, खारट माती बघतो. तरी एक सांगून ठेवतो. सिमेंटला नावं ठेवणाऱ्यांतला मी नव्हे. माळवदातून विंचू पडायचे, उंदरं माती उकरायची, दरसाल राबावं लागायचं. पैपै करून मी सिमेंटचं घर बांधलं आणि पहिल्या पावसाळ्यात त्यात निवांत बसलो. चूक सिमेंटची नव्हती. ज्याच्याशी त्याला जोडतोय त्याची चाल मी बघितली नव्हती.

माती चाळली, तीत गव्हाचं भुसकट घातलं, भिजवली आणि तीन दिवस पायानं तुडवली. बी.ए.चे पाय चिखलात बघायला पुन्हा लोक आले, पण आता त्यांना पहिल्यासारखी गंमत वाटेना. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण आत उतरून दोन पावलं तुडवून जाऊ लागला. चौथ्या दिवशी आम्ही काठ घातला. चिपा पुन्हा बसवल्या, जरा बाहेर काढून. त्यावर मातीचा जाड वळसा, आतल्या अंगाला उतरता, पन्हळीकडं कललेला. दोरी नाही, पाणसळ नाही. चाचा पोटावर पालथे झोपून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "हितं चिमटभर. हितं काड."

मग मी चोपणं उचललं. चोपणं म्हणजे लाकडाची चपटी थापी, तिनं काठ ठोकून घट्ट करायचा. चाचांनी हात धरला. "वाफसा आला का?"

मी शेतकऱ्याचा पोरगा. पेरायला जमिनीला वाफसा यावा लागतो, म्हणजे ना ओली ना कोरडी अशी ती व्हावी लागते, हे मला ठाऊक होतं. छपराला वाफसा लागतो हे ठाऊक नव्हतं. ओल्यावर ठोकलं तर माती थापीला चिकटून वर येते. सुकल्यावर ठोकलं तर तडकते. अंगठा दाबायचा. ठसा उठला पाहिजे, पण अंगठ्याला माती लागता कामा नये. मी दर घटकेला जाऊन अंगठा दाबायचो. दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात मी काहीच केलं नाही, वाचलंही नाही. नुसता बसलो. ऊन काठावरून कसं सरकतं ते बघत. माझ्या आयुष्यात इतका संथ दीड दिवस पुन्हा आला नाही.

वाफसा आला आणि ठोकायला लागलो. आबांनी बाज ओढून बरोबर कोपऱ्याखाली घेतली होती. त्यांना वरचं काही दिसत नव्हतं; ते ऐकत होते.

"भद वाजतंय. डाव्या अंगाला."

मी डावीकडं ठोकलं.

"अजून. हां. आता टणक झालं. म्होरं चल."

"आबा, दिसतंय का तुमाला?" चाचांनी वरून चेष्टा केली.

"बगायला काय लागतंय, दस्तगीर? पोकळ मानूस आन् पोकळ माती वाजल्याबिगर ऱ्हात न्हाई."

"मग तुमच्या बीएला वाजवून बगितलं न्हवं?"

"त्येच चाललंय की गा, चार दीस."

दोघं म्हातारे, एक वर आणि एक खाली, एकमेकांना न बघता हसत राहिले. मीही हसलो. हात थांबवला नाही.

दुसऱ्यांदा पाणी मागायची मला लाज वाटत होती. मागावं लागलं नाही. काठ वाळून निबर झाल्याचं बघून एका सकाळी दहा घागरी शिडीपाशी आल्या. सांडगेवाल्या म्हातारीची सगळ्यांत पुढं. "ह्या टायमाला सांडलंस तर तुला वतीन," ती म्हणाली.

तानू खाली भिंतीशी बसली. मी ओतू लागलो. पाणी कोपऱ्यात गेलं, काठाला घासून वळलं आणि पन्हळीतून खळकन अंगणात पडलं. कोंबड्या पळाल्या.

"ओल हाय का गं?" मी सवण्यातून विचारलं.

"न्हाई."

दुसरी घागर. "हाय का?"

"न्हाई."

पाचवी, सहावी. प्रत्येक वेळी तोच शब्द, दरवेळी जरा सावकाश. आठव्या घागरीनंतर मी विचारलं, तर उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. नाही. सवण्यातून तो कोपरा दिसत नसे. मी शिडी कशी उतरलो मला आठवत नाही.

खोलीत अंधार आणि गारवा. तानू भिंतीला पाठ लावून बसली होती, मान कलंडून गाल भिंतीला लागलेला, एक तळवा भिंतीवर तसाच सपाट. ओठ किंचित उघडे. श्वास संथ, पोटावरचा पदर त्याबरोबर वरखाली होणारा. मी तिच्या हाताच्या वर माझा हात ठेवला. भिंत कोरडी होती. वरून खाली, जिथवर हात पोचला तिथवर कोरडी. तळव्याला लागली ती नुसती धूळ.

वरून चाचांची हाक आली, "बीए, दोन घागरी हायत अजून. वतू का न्हाई?"

मी हळूच बाहेर आलो. अंगणात आबा बाजेवर पुढं झुकून बसले होते, दोन्ही मुठी काठीवर.

"काय रं?"

"झोपली," मी म्हटलं.

आबा मान वर करून, कधी नव्हे इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "वत, दस्तगीर. पर हळू वत."